स्टुडिओत फोटोला बसण्याआधी

नोकरीचा अर्ज, स्थळासाठीचा बायोडाटा, निवृत्तीचा सत्कार किंवा भिंतीवरची फ्रेम, कारण काहीही असो, स्टुडिओतला फोटो बहुधा छातीपासून वरचाच निघतो. म्हणून निऱ्या आणि बूट यांची चिंता कमी करा, सगळा वेळ गळा, कॉलर आणि खांद्यांना द्या. फोटो उभा हवा की अर्धा, आणि मागचा पडदा कुठल्या रंगाचा असेल, हे वेळ ठरवतानाच फोटोग्राफरला विचारा. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा शर्ट विरून जातो. काळ्या पडद्यापुढे काळा कोट आणि काळे केस दोन्ही हरवतात.

कपड्यांत सगळ्यात जास्त फसवतात त्या बारीक रेघा आणि बारीक चौकडे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सूक्ष्म ठिपक्यांची जाळी असते. कापडावरच्या रेघा त्या जाळीशी जवळपास जुळल्या की फोटोत लाटा आणि रंगीत पट्टे उमटतात. आरशात ते कधीच दिसत नाहीत आणि नंतर संगणकावर काढणं फार जिकिरीचं असतं. आदल्या दिवशी कपडा घालून मोबाइलने दोन-तीन अंतरांवरून फोटो काढा. मोठा करून पाहिल्यावरही लाटा राहिल्या, तर तो कपडा बाजूला ठेवा. भडक पोपटी, राणी किंवा लिंबू रंगावरून उजेड परतून हनुवटीखाली त्याच रंगाची झाक पडते. गडद निळा, मोरपंखी, विटकरी, वांगी हे रंग चेहऱ्याला कधी दगा देत नाहीत.

इरकल नेसणार असाल तर तिचं काठ-अंग साधं निवडा, बारीक चौकड्याची नको. इरकलीची ओळख म्हणजे तिचा टोपपदर. तो पाठीवर राहिला तर फोटोत साडी कुठली हेच कळत नाही. पदराचं टोक उजव्या खांद्यावरून पुढे घ्या, म्हणजे लाल-पांढरी नक्षी चेहऱ्याजवळ येईल. सोबत गुळेदगुड्डच्या खणाचं पोलकं असेल, तर त्याचा रंग साडीपेक्षा गडद ठेवा. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरची चमकदार साडी किंवा भरजरी पदर असेल, तर जरीवर समोरून फ्लॅश पडला की पांढरे डाग येतात. उजेड बाजूने आणि मऊ ठेवायला सांगा. फोटोग्राफरला ते लगेच जमतं, पण आधी सांगावं लागतं.

खांद्यावरच्या पदराच्या मिऱ्या चार-पाच बोटं रुंद ठेवा आणि पिन आतून, पोलक्याला लावा. पिनेत आधी एक मणी ओवला तर जरीचा धागा ओढला जात नाही. साडी कपाटात वर्षभर घडीत असेल तर रात्रभर टांगून ठेवा. जरीवर इस्त्री थेट फिरवू नका. उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, मध्यम तापमानावर करा.

पुरुषांच्या शर्टाची कॉलर बटण लावल्यावर दोन बोटं आत जातील एवढीच सैल हवी. जास्त सैल असली तर मान बारीक दिसते, घट्ट असली तर गळ्याची कातडी वर येते. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी बनियन घातली तर तिची कड स्पष्ट दिसते. फिकट करडी किंवा अंगाच्या रंगाची घाला. कोटाची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. बसताना बटण सोडा आणि कोटाची मागची कड ओढून तिच्यावरच बसा, म्हणजे गळ्यामागे कापड फुगणार नाही. खिशात मोबाइल, पाकीट काही नको.

रोज टोपी घालणाऱ्यांनी ती काढून फोटो घेऊ नये. उन्हातान्हात गाल रापलेले असतात आणि कपाळ उजळ राहतं, त्यामुळे टोपी काढली की चेहऱ्याचे दोन भाग दिसतात. टोपी स्वच्छ, कडक इस्त्रीची घ्या आणि एक बोट मागे सरकवा. डोळ्यांवर सावली पडत नाही. फेट्याचंही तेच.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे मेडल लावून बसणारे माजी सैनिक इथे पुष्कळ. स्वतःची मेडल डाव्या छातीवर, सरळ रांगेत. पुसायला कोरडं मऊ कापड पुरे. पॉलिशचा पांढरा अंश फितीला लागला तर तो फोटोत ठळक दिसतो.

चेहऱ्याची तयारी आठवडाभर आधी सुरू करा. फेशियल किमान सात दिवस आधी, कारण लाली आणि पुटकुळ्या मागाहून उठतात. केस कापणं चार-पाच दिवस आधी, म्हणजे कडा जरा बसतात. केसांना रंग तीन-चार दिवस आधी लावा, कपाळावरचा डाग तोपर्यंत निघून जातो. थ्रेडिंग दोन दिवस आधी. दाढी त्याच दिवशी, पण दोन तास आधी. केस आदल्या दिवशी धुवा आणि सकाळी तेल लावू नका, दिव्याखाली तेलकट केस चपटे दिसतात. टाल्कम पावडर नकोच. सनस्क्रीनही त्या दिवशी टाळा. बऱ्याच सनस्क्रीनमधला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड फ्लॅशचा उजेड परतवतो आणि चेहरा मानेपेक्षा पांढरा येतो. घाम टिश्यूने टिपा, घासू नका.

चष्मा नेहमीचा असेल तर तो काढू नका. काच दोन्ही बाजूंनी पुसा. चमक आली तर काड्या कानावर किंचित उचला, काचा खाली झुकतात आणि दिव्याचं प्रतिबिंब निघून जातं. उन्हात काळा पडणारा चष्मा असेल तर आत येऊन दहा मिनिटं थांबा.

खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडून येत असाल तर घरून तयार होऊन निघू नका. हेल्मेटने केस बसतात, आणि खानापूरची लाल धूळ पांढऱ्या कापडावर चटकन कळते. जून ते सप्टेंबर पावसाचं तर विचारूच नका. कपडे हँगरवर, वर प्लास्टिकचं कव्हर घालून आणा आणि स्टुडिओतच बदला. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. सोबत सेफ्टी पिना, कंगवा, टिश्यू, जादा टिकल्या आणि सुई-दोरा असू द्या. गजरा वाटेत माळू नका, पाणी गळून पोलक्यावर डाग पडतो.

बसल्यावर मंगळसूत्राची वाटी मध्यावर आहे ना आणि दाबाची नथ सरकली नाही ना, हे सोबतच्या माणसाला पाहायला सांगा, तुम्हाला ते दिसत नाही. पहिले दोन-तीन फोटो झाले की थांबा आणि पडद्यावर मोठे करून कॉलर, चष्मा, पदराची पिन बघा. तेवढं ठीक करून मग पुढचे घ्या.