सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी किती, कधी आणि कसे प्यावे

सोलापुरात पाण्याचा विचार बहुतेक घरांत साठवणीच्या अंगाने होतो. नळाला पाणी कोणत्या दिवशी सुटणार, पिंपे भरली का, टाकीत किती उरले, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते; मात्र आज दिवसभरात आपल्या पोटात किती पाणी गेले, असे विचारले तर मोठ्या माणसालाही पटकन सांगता येत नाही. घरात पाणी भरलेले असूनही अंगात ते कमी पडणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तिचा त्रास उन्हाळी लागण्यापासून ऊन लागून दवाखान्यात भरती होण्यापर्यंत कोणत्याही थराला जाऊ शकतो.

प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाण्याचा असतो. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत पाठवून दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. पाणी कमी मिळाले की ही लघवी घट्ट होते, जळजळ होते आणि मुतखड्याचे क्षार साचायला वाव मिळतो. घामाचा हिशेब याहून निराळा आहे. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे शरीर थंड राखण्याचे मुख्य साधन हेच. मुंबईत घाम ओघळताना दिसतो, म्हणून माणसाला पाण्याची आठवण होते. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असल्याने घाम आला तसा वाळून जातो आणि आपल्याला घामच आला नाही असे वाटत राहते. एकदा मे महिन्यात अक्कलकोटहून भर दुपारी दुचाकीवर परतताना मी वाटेत कुठेही पाणी प्यायलो नाही, कारण तहानच जाणवली नव्हती. घरी येऊन सदरा काढला तर पाठीवर मिठाचा पांढरा पट्टा उमटलेला होता, आणि त्या रात्री पोटऱ्यांत असे गोळे आले की भिंत धरून उभे राहावे लागले.

आता प्रमाणाकडे वळू. ‘रोज आठ ग्लास’ हा नियम सोयीचा असला तरी अचूक नाही, कारण ग्लास कोणता आणि माणूस काय काम करतो, हे त्यात कुठेच येत नाही. सावलीत बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाला दिवसाला एकूण दोन ते अडीच लिटर पाणी लागते, आणि त्यात ताक, चहा, आमटी, फळे यांतून जाणारे पाणीही धरलेले असते. उन्हाळ्यात एवढ्यावर भागत नाही. शेतात, बांधकामावर, रिक्षात किंवा यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये राबणाऱ्याने काम चालू असताना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर पाणी प्यावे. दोन तास कोरडे काढून मग तांब्यामागून तांब्या रिचवण्यापेक्षा हे अंगी लागते. घरात असणाऱ्यांनी आपला एक तांब्या किंवा बाटली ठरवून घ्यावी, ती एकदा मापून ठेवावी आणि दुपारच्या जेवणापर्यंत निदान एक लिटर संपेल असे पाहावे.

प्रमाण बरोबर आहे की नाही, हे लघवीचा रंग सांगतो. वाळलेल्या कडब्यासारखी फिकट पिवळी लघवी होत असेल तर ठीक चालले आहे. ती गडद झाली, थोडी थोडी होऊ लागली किंवा चार-पाच तास झालीच नाही, तर पाणी कमी पडत आहे. (बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर लघवी तशीही पिवळीधमक होते, त्यावरून घाबरू नये.) वृद्धांची तहानेची जाणीव मंदावलेली असते, त्यामुळे त्यांना ‘पाणी हवे का’ असे न विचारता भांडे हातात द्यावे. जेवताना पाणी पिऊ नये, असे बजावणारे पुष्कळ भेटतात. निरोगी माणसाला त्याने काही अपाय होत नाही, आणि कडक भाकरी व शेंगाचटणी पाण्याशिवाय खाऊन दाखवणारा मला अजून भेटायचा आहे.

पाणी टाळण्याचे एक कारण मात्र तहानेशी संबंधित नसते. शहराच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कात्री, आणि पाने वाळून तडकू नयेत म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली. त्या फडक्यावर त्या अधूनमधून आठवणीने पाणी शिंपडतात, पण स्वतः घोटभर पाणी पिण्यासाठी उठत नाहीत, कारण उठले की हात थांबतो आणि संध्याकाळच्या मोजणीत विड्या कमी भरतात. कामाच्या ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह नसलेल्या स्त्रिया, एसटीने लांबचा प्रवास करणाऱ्या आणि शाळेत जाणाऱ्या मुली तर लघवीला जावे लागू नये म्हणूनच पाणी टाळतात. पाणी कमी पिणे आणि लघवी तासन् तास रोखून धरणे, या दोन्हींमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाला निमंत्रण मिळते. येथे केवळ ‘पाणी प्या’ असा उपदेश अपुरा आहे. कामाला बसतानाच भरलेली बाटली हाताशी ठेवणे आपल्या हाती आहे, आणि कारखान्यात किंवा शाळेत वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह मागणे हाही आरोग्याचाच भाग आहे.

खूप घाम गेला असेल तर पाण्याबरोबर मीठही भरून काढावे लागते. चिमूटभर मीठ घातलेले पातळ ताक, कैरीचे पन्हे किंवा लिंबू-मीठ-साखरेचे सरबत त्यासाठी पुरते. बाटलीबंद शीतपेयांत साखर फार असते आणि त्यांवर तहान भागवणे योग्य नाही. जुलाब-उलट्या होत असतील तर ओआरएसच घ्यावे. पाकीट एक लिटरचे असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात ढवळण्याची सवय सर्रास दिसते, ती चुकीची आहे. पाकीट न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. मीठ याहून जास्त झाले तर लहान मुलांना अपाय होतो. तयार केलेले पाणी २४ तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे.

अति पाणी पिण्याचीही एक मर्यादा आहे. तासाला दीड लिटरहून जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डायलिसिसवर असलेल्या, हृदय कमजोर झालेल्या किंवा यकृताच्या आजाराने पोटात पाणी साठलेल्या रुग्णांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेले माप ओलांडू नये. वरील आकडे त्यांच्यासाठी नाहीत.

राहिला साठवणीचा प्रश्न. उजनीचे पाणी शुद्ध होऊन नळाला येते, पण शहराच्या अनेक भागांत ते काही दिवसांआड सुटते आणि साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू उडून जातो. म्हणून पिण्याचे पाणी गाळून झाकणाच्या भांड्यात भरावे, ते ओगराळ्याने काढावे आणि त्यात हात बुडवू नये. पावसाळ्यात किंवा नळाचे पहिले पाणी गढूळ आले असेल तर ते खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळावे. नवे पाणी सुटले की आधीचे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतून देण्याची आपल्याकडे रीत आहे. झाकून ठेवलेले पाणी चार दिवसांत शिळे होत नाही, आणि ज्या गावाने टँकरमागे धावण्याचे दिवस पाहिले त्या गावाला ही रीत शोभतही नाही. मात्र भांडी, पिंपे आणि कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून, आतून घासून कोरडे करावेत, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि त्यांपासून आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. माठ सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ओल्या वाळूवर ठेवावा. बोअरचे पाणी पिण्यासाठी वापरायचेच असेल तर ते आधी तपासून घ्यावे. त्यातला फ्लोराइड किंवा नायट्रेट चवीवरून कळत नाही आणि उकळून जातही नाही. जारचे पाणी थंड असते, तेवढ्यावरून ते शुद्ध आहे असे मानू नये.

एवढी काळजी घेऊनही घरात कोणाला ऊन लागलेच, तर चक्कर, मळमळ, डोके ठणकणे एवढ्यावर असताना त्या माणसाला सावलीत आडवे करावे आणि घोट घोट ओआरएस द्यावे. अंग तापून भाजल्यासारखे लागत असेल, बोलणे असंबद्ध झाले असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडत, पंख्याने किंवा सुपाने वारा घालत राहावे. दवाखान्यात पोहोचल्यावर शेवटची लघवी कधी झाली होती, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.