लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय? मोठं होताना या चुका टाळा

“कसलं ऑपरेशन झालं होतं तुझं?” असं विचारलं की १७-१८ वर्षांचा मुलगा आईकडे बघतो. आई पिशवीतून फाईल काढते आणि तारखांसकट सगळं सांगते. तिला पाठ असणारच, रात्री तिने जागून काढल्यात. पण उद्या तो शिकायला बाहेरगावी गेला आणि मध्यरात्री छातीत धडधडायला लागलं, तर डॉक्टरांना काय सांगणार?

म्हणून हे १८व्या वाढदिवसापर्यंत लांबवू नका. १२-१४ वर्षांपासून प्रश्नांची उत्तरं मुलालाच देऊ द्या. आजाराचं नाव, ऑपरेशन कोणतं, गोळ्या कोणत्या आणि कशासाठी, हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. कागदांचे फोटो आणि जुना ईसीजी त्याच्या मोबाईलमध्ये हवा. काही हृदयांचा ईसीजी ऑपरेशननंतर कायमच वेगळा दिसतो, त्यामुळे जुना शेजारी ठेवला तरच नवं काय ते कळतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे “आता काहीच त्रास नाही” म्हणून तपासणी सोडणं. वेळेत बंद केलेलं साधं छिद्र असेल तर पुढे फारसं काही लागत नाही, हे खरं. टेट्रालॉजी ऑफ फॅलोचं, म्हणजे हृदयात जन्मतःच चार दोष एकत्र असतात त्या आजाराचं, तसं नाही. या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांची फुफ्फुसाकडची झडप गळकी राहते. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे येतं, उजवा कप्पा हळूहळू ताणत जातो आणि मुलगा मात्र वर्षानुवर्षं क्रिकेट खेळत असतो. दम लागायला लागेपर्यंत थांबलं तर झडप बदलूनही कप्पा पूर्ववत होईलच असं नाही. इको आणि एमआरआय करायचे ते ही वेळ गाठण्यासाठी.

रक्तदाब कुठल्या हाताचा, हेही विचारा. जुन्या पद्धतीच्या ब्लालॉक-टॉसिग शंटमध्ये, म्हणजे फुफ्फुसाकडे जास्त रक्त नेणाऱ्या जोडणीच्या ऑपरेशनमध्ये, एका हाताची मुख्य रक्तवाहिनी वापरली जायची. त्या हातावर आकडा खोटाच कमी येतो.

मुलींशी गर्भधारणेबद्दल लग्न ठरल्यावर बोलणं म्हणजे उशीर. फॉन्टन ऑपरेशन (हृदयाचा एकच मुख्य कप्पा नीट चालत असेल तेव्हा करतात ते) झालेल्या मुलीला इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, आणि वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. आईसमोर ती हे विचारणार नाही. डॉक्टरांशी १० मिनिटं एकटीने बोलू द्या.

दात काढण्याआधी डेंटिस्टला हृदयाचं सांगा. कृत्रिम झडप असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं.

आणि मध्ये ८-१० वर्षं गेलीच असतील तर? संकोच न करता जा, प्रौढांचे जन्मजात हृदयविकार बघणारे तज्ज्ञ शोधा. फाईल हरवली असेल तर जुन्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात विचारा. तिथेही नसेल तर व्रण दाखवा. छातीच्या मधोमध आहे की बगलेखालून पाठीकडे गेलाय, एवढ्यावरूनही तज्ज्ञाला बराच अंदाज येतो. उरलेलं इको सांगतो.