बोअरवेलच्या पाण्यातील आर्सेनिक : नमुना कसा घ्यावा आणि अहवाल कसा वाचावा

घोडबंदर रस्त्यालगतच्या किंवा घणसोली-कोपरखैरणे भागातील एखाद्या गृहसंकुलात पालिकेचे पाणी कमी पडू लागले, की बोअरवेलचे वा टँकरचे पाणी बऱ्याचदा त्याच भूमिगत टाकीत सोडले जाते. म्हणून प्रयोगशाळा शोधण्याआधी सोसायटीच्या प्लंबरला सोबत घेऊन कोणत्या नळाला कोणते पाणी येते, हे कागदावर उतरवून घ्यावे. त्याशिवाय हाती आलेला अहवाल नेमका कोणत्या पाण्याचा आहे, हेच कळणार नाही.

पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला रंग, वास वा चव नसते. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. घरोघरी असलेला टीडीएस मीटरही येथे कामाचा नाही, कारण तो एकूण क्षार शेकडो मिलिग्रॅममध्ये मोजतो, तर पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकातील आर्सेनिकची मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. वर्षानुवर्षे याहून बरेच जास्त आर्सेनिक पोटात गेल्यास त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड व खरखरीत होतात आणि त्वचा, मूत्राशय व फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

पश्चिम बंगाल व बिहारमध्ये गंगेच्या गाळातील लोहसंयुगांना चिकटलेले आर्सेनिक, प्राणवायू नसलेल्या थरांत ती संयुगे विरघळली की पाण्यात उतरते. ठाणे-नवी मुंबईचा काळा कातळ वेगळा असल्याने हे कारण येथे सहसा लागू पडत नाही. आपल्याकडे खाडीचा खारेपणा, सांडपाण्यातून येणारे नायट्रेट आणि जिवाणू यांचीच चिंता आधी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगत किंवा तळोजा परिसरात बोअरवेल असेल आणि तिचे पाणी पिण्यात येत असेल, तर आर्सेनिक, शिसे व क्रोमियम यांची तपासणी एकदा तरी करून घ्यावीच.

नमुना टाकीतून न घेता पंपाजवळच्या नळातून घ्यावा. पंप दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून पाइपात साचलेले पाणी जाऊ द्यावे आणि धार स्वच्छ झाल्यावर प्रयोगशाळेने दिलेली प्लास्टिकची बाटली भरावी. धातूंच्या तपासणीच्या बाटलीत बहुधा आधीच थोडे नायट्रिक आम्ल घातलेले असते, त्यामुळे ती खळबळून धुऊ नये, ओसंडून वाहू देऊ नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. जिवाणूंसाठी वेगळी निर्जंतुक बाटली लागते. ती बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. बाटलीवर ठिकाण, बोअरवेलची खोली, तारीख आणि वेळ लिहावी.

बाजारातील चाचणी संचात आम्ल व जस्ताच्या क्रियेतून आर्सिन वायू तयार होतो आणि त्याने कागदी पट्टी पिवळसर ते तपकिरी होते. हा वायू विषारी असल्याने चाचणी मोकळ्या हवेतच करावी. मर्यादेच्या आसपासची फिकट पिवळी छटा डोळ्यांनी ओळखणे अवघड असते, म्हणून अशा पट्टीवर निर्णय न घेता एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जावे. ‘पिण्याच्या पाण्याची सर्वसाधारण तपासणी’ असे मोघम सांगितल्यास आर्सेनिक बहुतेक वेळा वगळले जाते. त्याचे नाव अर्जात लिहावे आणि प्रयोगशाळेची पद्धत किती कमी प्रमाण मोजू शकते, हेही आधी विचारावे.

अहवालात एकक आधी पाहावे, कारण ०.०१ मिलिग्रॅम आणि १० मायक्रोग्रॅम हे आकडे एकच आहेत. मर्यादा ओलांडलेली दिसल्यास ते पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी लगेच थांबवून दुसरा नमुना पाठवावा. केवळ आरओ बसवून निश्चिंत होऊ नये. आर्सेनिकचा त्रिसंयुजी प्रकार त्यातून पुरेसा अडत नाही, त्यामुळे आरओतून आलेले पाणीही तपासावे लागते. तेच प्रमाण पुन्हा आढळल्यास बोअरवेलची वाहिनी पिण्याच्या टाकीपासून कायमची तोडून फक्त फ्लशच्या टाकीला जोडावी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला तसेच महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला अहवालाच्या प्रतीसह लेखी कळवावे, म्हणजे शेजारच्या बोअरवेलही तपासता येतील.