टर्बोच्या आधी ईसीयू ठरवा
पहिल्या पिढीच्या १.६ लिटर माझदा एमएक्स-५ ला टर्बो बसवायचा बेत असेल, तर आधी ईसीयूचं, म्हणजे इंधन आणि स्पार्क सांभाळणाऱ्या इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, काय ते ठरवा. या गाडीचा मूळ ईसीयू आजच्या गाड्यांसारखा लॅपटॉप जोडून रीफ्लॅश (नव्याने प्रोग्राम) करता येत नाही. म्हणजे पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा जादा खोका) किंवा स्टँडअलोन (मूळ ईसीयूच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू). पिगीबॅक स्वस्त पडतो, पण तो मूळ ईसीयूला खोटे सिग्नल देऊन काम भागवतो; बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) वाढला की ही फसवाफसवी अंगाशी येते. मेगास्क्वर्टसारखा स्टँडअलोन घेतला तर इंधन आणि स्पार्क दोन्ही तुमच्या हातात. शिवाय आत येणारी हवा मोजणारा मूळ झडपेचा एअरफ्लो मीटरही काढून टाकता येतो. इनटेक मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावर हिशेब चालतो. मूळ कनेक्टरला थेट बसणाराच घ्या, वायरी कापत बसू नका.

हवा-इंधनाचं प्रमाण नेमकं मोजणाऱ्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरला मात्र पर्याय नाही. मूळ नॅरोबँड सेन्सर हे प्रमाण १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. फुल बूस्टमध्ये ते ११.५ आहे की १३, हे त्याला कळत नाही, आणि पिस्टन वितळतात ते तिथेच.

आणि हो, ईसीयूच्या खोक्याआधी तो गाडीला जुळवून देणारा ट्यूनर शोधा. जवळचा डायनोवाला (गाडीची ताकद मोजायचं यंत्र असणारा) जो ईसीयू रोज हाताळतो, तोच घ्या. सोबत मिळणारा बेस मॅप (इंधन-स्पार्कची सुरुवातीची सेटिंग) गाडी डायनोपर्यंत न्यायला असतो, बूस्ट लावून पळवायला नव्हे.