दप्तरखान्यातला कागद किती वेगाने जुना होतोय, हे कसं काढायचं

आधी कपाटं वेगळी करा. मोडी रुमालांतला (कापडात बांधलेल्या मोडी लिपीतल्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यांतला) हाती बनवलेला कागद दोनशे वर्षांनीही लवचीक असतो, पण वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली शंभर वर्षांच्या आत कडांना तुटू लागतात. वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातलं आम्ल त्याला आतून खातं. कोऱ्या कडेचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे असा दुमडा. चार फेऱ्यांच्या आत तुटला तर तो कागद ठिसूळ समजा. ही चाचणी कोपरा खर्ची घालते, म्हणून दुबार प्रतीवरच करा.

मग डेटा लॉगर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारं यंत्र. तो कपाटाच्या आत ठेवा, बाहेरच्या भिंतीला किंवा एसीच्या झोताला लागून नको. दर अर्ध्या तासाला नोंद हवी आणि नोंदी वर्षभराच्या हव्यात, कारण पावसाळा सुटला तर सगळंच चुकतं. आधी तपासणी: बाटलीच्या झाकणात मीठ ओल्या वाळूइतकं भिजवा, लॉगरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आर्द्रता ७५ टक्के दिसली पाहिजे. ८० दिसली तर लॉगर पाच टक्के जास्त दाखवतोय.

आता हिशेब. कॅनडाचे संवर्धनशास्त्रज्ञ स्टीफन मिखाल्स्की यांच्या सूत्रात कागद जुना होण्याच्या वेगाला गती म्हणूया; २० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे गती १. कागदासाठी स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक नोंदीपुढे हे मांडा:

गती = (आर्द्रता ÷ ५०)^१.३ × ई^[१२००० × (१/२९३ − १/(तापमान + २७३))]

ई म्हणजे २.७१८, ^ म्हणजे घात. पावसाळ्यातली २८ अंश, ८० टक्के ही नोंद घातली की गती साधारण ५.५ येते. २४ अंश, ५५ टक्के ठेवता आलं तर २. एवढ्या फरकासाठी डिह्युमिडिफायरचा खर्च मागायला हरकत नाही.

इथे बहुतेकांची चूक होते: आधी तापमानाची सरासरी काढतात, मग गती. आर्द्रता ५० टक्के धरून अर्धा काळ २० अंश आणि अर्धा काळ ३५ अंश असेल, तर सरासरी २७.५ अंशांवर गती २.८ येते, नोंदवार काढली तर ४.२. उन्हाळ्यातले थोडे तास वर्षाचं बरंच आयुष्य खातात, म्हणून सरासरी गतीची काढा, अंशांची नव्हे.

उत्तर फक्त पट सांगतं, वर्षं नाही. गती २ म्हणजे उरलेलं आयुष्य अर्धं. ठिसूळ कागदाचं मुळात उरलेलंच कमी, त्यामुळे त्याचं डिजिटायझेशन आधी.

सूत्र बुरशी, कसर (कागद खाणारी कीड) आणि प्रकाश मोजत नाही. बुरशीसाठी शीटमध्ये वेगळा रकाना करा: सलग किती तास आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर होती. तेवढ्या ओलीत काही आठवड्यांत बुरशी धरते, ९० च्या वर काही दिवसांत. दिवसा एसी आणि रात्री बंद असेल, तर हा रकाना आधी पाहा: खोली थंडच असते आणि बाहेरची दमट हवा आत शिरते, तेव्हाच आर्द्रता उसळते.