पवनचक्कीचं पातं: पीळ किती, रुंदी किती

वारा पात्यावर सगळीकडे सारखाच येतो, पण पातं बुंध्याशी हळू आणि टोकाशी जोरात फिरतं. त्यामुळे पात्याला वारा जाणवतो तो जागोजागी वेगळ्या कोनातून. पीळ द्यायचा तो यासाठी.

आधी टोकाचा वेग वाऱ्याच्या किती पट हवा ते ठरवा. तीन पात्यांना ६ पट ठीक. त्रिज्या १ मीटर आणि वारा सेकंदाला ६ मीटर असेल, तर मिनिटाला साधारण ३४४ फेरे होतील. जनरेटरला हे फेरे मानवत नसतील तर आकडा आत्ताच बदला, लाकूड कापल्यावर नाही.

आता मध्यापासून २५, ५०, ७५ आणि १०० सेंमीवर खुणा करा. खुणेचं अंतर मीटरमध्ये घेऊन ६ ने गुणा आणि १ ला त्या गुणाकाराने भागा. आलेली संख्या ज्या कोनाचा टॅन आहे, त्याचा दोन तृतीयांश म्हणजे वाऱ्याचा कोन. त्यातून ५ अंश (पात्यावर वारा ज्या कोनात आदळायला हवा तो) वजा केले की पात्याचा कोन मिळतो. तो फिरण्याच्या पातळीपासून मोजायचा. एनएसीए ४४१२ छेद (पात्याच्या आडव्या कापाचा एक ठरलेला आकार) आणि लिफ्ट गुणांक (लिफ्ट म्हणजे पात्याला ढकलणारा जोर; तो किती मिळतो याचा आकडा) सुमारे १ धरून हिशेब असा येतो:

२५ सेंमी: १७.५ अंश, रुंदी १५९ मिमी
५० सेंमी: ७.३ अंश, ९६ मिमी
७५ सेंमी: ३.४ अंश, ६७ मिमी
१०० सेंमी: १.३ अंश, ५१ मिमी

पीळ न देता पात्याचा कोन सगळीकडे ५ अंशच ठेवला तर? बुंध्याशी वारा १७ अंशांहून जास्त कोनात आदळतो आणि तिथे पातं स्टॉल होतं, म्हणजे हवा पात्याला धरून वाहत नाही आणि लिफ्ट ढासळते. टोकाशी आदळण्याचा कोन उरतो जेमतेम सव्वा अंश, म्हणजे जिथून खरी ताकद मिळायची तिथेच लिफ्ट कमी.

१५९ मिमी रुंदीला फारच जाड फळी लागते. बुंधा खुशाल १२० मिमीवर आणा. आतला पाव भाग फिरतो त्या वर्तुळाचं क्षेत्र एकूण क्षेत्राच्या जेमतेम सव्वासहा टक्के असतं. फार बारीक मात्र करू नका, मंद वाऱ्यात चक्की सुरू होते ती याच रुंदीच्या जोरावर. बाहेरच्या अर्ध्या भागाकडे ७५ टक्के क्षेत्र आहे, तिथे एका अंशाचीही चूक महागात पडते. प्रत्येक खुणेसाठी पुठ्ठ्याचा साचा कापा आणि घासताना सारखा लावून बघत राहा.

पुढची कड गोल ठेवा. धार काढली तर पातं लवकर स्टॉल होतं. मागची कड १ मिमीपर्यंत पातळ हवी. जाड राहिली तर ओढ वाढते, वर शिट्टीही वाजते.

बसवताना सपाट बाजू वाऱ्याकडे, फुगीर मागे. उलटं बसवलेलं पातंही फिरतं, म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही.