सार्डिनियाच्या किनाऱ्यावर सायकलची एक दिवसाची फेरी कशी आखावी

रविवारी सकाळी चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल चालवण्याची सवय असेल, तर भूमध्य समुद्रातल्या इटलीच्या सार्डिनिया बेटावर आल्गेरो शहरातून कापो काच्चा या समुद्रात घुसलेल्या टोकापर्यंतची फेरी तुम्हाला सहज जमेल. अंतर साधारण 55 किलोमीटर. सलग मोठा घाट कुठेही नाही. टोकाजवळ मात्र चढ-उतार एकामागोमाग एक येतात, आणि पायांचा कस लागतो तो तिथेच.

बहुतेक जण नकाशा उघडतात आणि लगेच अंतर मोजायला बसतात. माझं म्हणणं आहे, आधी वारा बघा. या किनाऱ्यावर वायव्येकडून ‘माएस्त्राले’ नावाचा जोरकस वारा येतो. तो तोंडावर असला की सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. तो दिवसाच्या पहिल्या अर्ध्यात अंगावर घ्यायचा, पाय ताजे असताना. आल्गेरोहून उत्तरेला फेर्तिलिया, तिथून आतल्या शेतीतून सांता मारिया ला पाल्मा, मग पोर्तो कोन्तेच्या उपसागराकडे वळून दक्षिणेला कापो काच्चाचं टोक. टोकाचा रस्ता पुढे कुठेच जात नाही, म्हणून तेवढा भाग जाऊन-येऊन करावा लागतो. परतताना आतून न येता किनाऱ्याने पूर्वेला यायचं. मग वारा पाठीशी राहतो आणि दुपारचं ऊनही डोळ्यांत येत नाही. शिवाय इटलीत वाहनं उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे या दिशेने येताना समुद्र तुमच्याच बाजूला असतो, आणि फोटोसाठी थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट दिशेने निघालात तर यातलं काहीच मिळत नाही.

आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज पुन्हा एकदा पाहा. झोत फार मोठे दिसले तर टोक सोडून द्या, पोर्तो कोन्तेहूनच परत फिरा. कड्यावरच्या रस्त्यावर बाजूने येणारा झोत सायकल अक्षरशः ढकलतो.

महिना निवडताना एप्रिल ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. ऑगस्टमध्ये ऊन आणि गाड्या, दोन्हींचा त्रास होतो.

आता सायकल. आल्गेरोत ती भाड्याने मिळते. सोपे गिअर असलेलीच मागा, वजनाची फार फिकीर करू नका. ताब्यात घेतल्यावर दुकानाच्या दारातच एक गोष्ट करा: पुढचं चाक उचलून फिरवा आणि उजवा ब्रेक दाबा. चाक फिरतच राहील. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोपात तो डाव्या हाताला. उतारावर दचकून ‘मागचा’ समजून डावा ब्रेक कचकन दाबला, तर पुढचं चाक जागीच थांबतं आणि माणूस हॅण्डलवरून पुढे फेकला जातो. दुकानदाराला विनंती केली तर तो कदाचित दोन्ही ब्रेकच्या केबलची अदलाबदल करूनही देईल. नाहीतर शहरातून बाहेर पडण्याआधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं फक्त थांबण्याचा सराव करा. मी ही दहा मिनिटं कधीच टाळत नाही.

चौकांतल्या गोल वर्तुळात वाहनं डावीकडून येतात, म्हणून मान डावीकडे वळवायची. हे डोक्याला कळतं, पण मानेला कळायला अर्धा दिवस जातो. सूर्यास्तानंतर वस्तीबाहेर सायकल चालवायची असेल तर इटलीत चमकणारं जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. हेल्मेटची प्रौढांना सक्ती नाही, तरी ते घालाच.

पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. फेर्तिलिया सोडण्यापूर्वी आणि पुन्हा सांता मारिया ला पाल्मात त्या भरून घ्या, कारण टोकाकडे जाताना दुकानांचा भरवसा नाही. लहान गावांत दुपारी दुकानं कित्येक तास बंद असतात, तेव्हा खायचं सकाळीच विकत घ्या. सोबत एक जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायचे लिव्हर असू द्या.

वेळेचा हिशेब असा: ताशी 15-16 किलोमीटरने साडेतीन तास, त्यात थांबे धरून सहा. सकाळी आठला निघालात तर दुपारी दोनपर्यंत निवांत परतता.

कापो काच्चाला समुद्रातून सरळ वर आलेले पांढरे चुनखडीचे कडे आहेत, दीडशे मीटरहून उंच. त्यांच्या पोटात नेपच्यूनची गुहा. खाली उतरायला कड्यातच खोदलेल्या 654 पायऱ्या आहेत. सायकलीच्या दिवशी त्या उतरू नका. परत चढून आल्यावर मांड्या थरथरतात, आणि उरलेले पंचवीस किलोमीटर जड जातात. समुद्र शांत असेल तर दुसऱ्या दिवशी आल्गेरोहून बोटीने गुहेत जा, तेच बरं.

परतीच्या वाटेवर पालमावेराचं नुरागे लागतं. नुरागे म्हणजे कांस्ययुगातला, मोठमोठे दगड रचून बांधलेला बुरूज. सार्डिनियात असे हजारो आहेत. इथे भोवती झोपड्यांचे गोल पायेही दिसतात, अर्धा तास नक्की द्या. पुढे फेर्तिलियाहून मारिया पियाच्या किनाऱ्याला लागून सायकलमार्ग आहे. एका बाजूला पाइनची सावली, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि समोर आल्गेरोची तटबंदी हळूहळू मोठी होत जाते. इथे सर्वांत सोपा गिअर टाका, पाय सैल होऊ द्या.